बिनशब्दांच्या पुस्तकातले काळे पान आणि मोशेचा निबिड अंधकार

प्रश्न : शब्बाथशाळा शिक्षिका, जालना

आमच्या मंडळीच्या शब्बाथशाळेत मी सात ते दहा वर्षांच्या मुलांना शिकवते. गेल्या महिन्यात मी त्यांच्यासमोर ते बिनशब्दांचे पुस्तक उघडले, ज्याचे काळे पान म्हणजे पापाने भरलेले मन, तांबडे म्हणजे ख्रिस्ताचे रक्त, पांढरे म्हणजे शुद्ध झालेले मन आणि सोनेरी म्हणजे स्वर्ग. लहानपणी मीही हेच शिकले होते, त्यामुळे बोलताना मला कसला विचार करावा लागला नाही. पुढे बसलेल्या एका मुलीने मात्र आपले मनगट हळूच त्या काळ्या पानाशेजारी टेकवले आणि ती एकदा पानाकडे, एकदा मनगटाकडे पाहत राहिली. तिने काही विचारले नाही. मी पान उलटले, पण पुढचा धडा माझ्याकडून नीट झाला नाही.

तेव्हापासून मी पवित्र शास्त्रातील प्रकाशाचे आणि अंधाराचे उल्लेख एका वहीत उतरवत आहे आणि आता अधिकच गोंधळले आहे. योहानाच्या पहिल्या पत्रात देव प्रकाश आहे आणि त्याच्या ठायी अंधार मुळीच नाही, असे स्पष्ट म्हटले आहे (१:५). पण निर्गम या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात सीनाय पर्वतापाशी इस्राएल लोक भिऊन दूर उभे राहतात आणि त्यांचा पुढारी मोशे मात्र देव ज्या निबिड अंधकारात आहे त्याच्याजवळ जातो. मंदिराच्या प्रतिष्ठेच्या वेळी राजा शलमोनही परमेश्वराने निबिड अंधकारात राहण्याचे ठरवले आहे, असेच बोलतो. देव प्रकाश असेल, तर तो अंधारात कसा राहतो? आणि त्या मुलीला मी काय सांगू? हे दोन प्रश्न मला वेगळे करता येत नाहीत.

उत्तर १ : ईशज्ञानाचा अभ्यासक, छत्रपती संभाजीनगर

ताई, आधी काळ्या पानाविषयी बोलतो, कारण ते तुम्हाला अधिक लागले आहे. ते पान शास्त्रातून आलेले नाही. १८६६ मध्ये लंडनच्या स्पर्जन या उपदेशकाने आपल्या प्रवचनात काळे, तांबडे आणि पांढरे अशा तीन पानांचा उपयोग केला आणि सोनेरी पान पुढे जोडले गेले. यशयाच्या पहिल्या अध्यायात पापाला रंग दिला आहे खरा, पण तो काळा नसून लाखेचा आणि किरमिजी लाल आहे, जो बर्फासारखा पांढरा होईल. शिवाय काळा रंग आणि अंधार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रकाश नसणे म्हणजे अंधार, आणि काळा रंग दिसायलादेखील प्रकाश लागतो. शास्त्रात पापाची प्रतिमा म्हणून अंधार येतो तो वाट न दिसण्याच्या, ठेचकाळण्याच्या, लपून राहण्याच्या अर्थाने येतो, आणि त्याचा कोणाच्या कातडीशी संबंध लावणे हा वाचणाऱ्याचा दोष आहे.

आता निर्गमाकडे वळू. उत्पत्तीच्या आरंभी जलाशयावर जो अंधार होता त्याला हिब्रू भाषेत ‘होशेख’ म्हटले आहे, तर मोशे ज्याच्याजवळ गेला त्याला ‘अराफेल’. अराफेल म्हणजे ढग दाटून आल्यावर होणारा काळोख. ज्येष्ठात भर दुपारी वळवाचे ढग चढतात आणि घरातले भांडेही दिसेनासे होते, तसा काळोख डोळ्यांसमोर आणावा. सूर्य मावळलेला नसतो, तो आच्छादलेला असतो. शलमोनाच्या तोंडी हाच शब्द आहे आणि स्तोत्र ९७ मध्येही हाच आहे. हिब्रू शास्त्राच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात निर्गमातल्या या अंधकारासाठी ‘ग्नोफोस’ हा शब्द वापरला गेला, आणि योहान ज्याच्याविषयी बोलतो त्या अंधारासाठी ‘स्कोतिया’ हा निराळा शब्द आहे. योहानाचा अंधार काय आहे हे त्याच्याच शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात कळते : प्रकाश जगात आला, पण माणसांची कृत्ये वाईट असल्यामुळे त्यांना प्रकाशापेक्षा अंधार आवडला. हा अंधार निवडलेला आहे. सीनायचा अंधकार मोशेने निवडलेला नाही, तो देवाच्या जवळ गेल्याने त्याच्याभोवती आला आहे.

हा भेद शब्दांवर पूर्णपणे टिकत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. अठराव्या स्तोत्रात देवाने अंधाराला आपले आवरण केले, तेथे साधा होशेखच आहे. यशयाच्या ४५व्या अध्यायात तर प्रकाश घडवणारा आणि अंधार निर्माण करणारा मीच आहे, असे परमेश्वर स्वतः म्हणतो. त्यामुळे प्रकाश देवाचा आणि अंधार दुसऱ्या कोणाचा, अशी जगाची वाटणी ख्रिस्ती श्रद्धेला मान्य करता येत नाही.

चौथ्या शतकातील ख्रिस्ती धर्मगुरू निसाचा ग्रेगरी याने मोशेच्या चरित्रावर लिहिताना एक क्रम दाखवला आहे, तो मला फार मोलाचा वाटतो. मोशेला देव प्रथम जळत्या झुडपात, म्हणजे प्रकाशात भेटतो, मग मेघात आणि शेवटी अंधकारात. आपण साधारणपणे अंधारातून प्रकाशाकडे जाण्याची भाषा करतो, येथे वाट उलटी आहे. अज्ञान जाते तेव्हा प्रकाशच दिसतो, यात शंका नाही, पण माणूस जसजसा जवळ जातो तसतसे त्याला कळत जाते की देव आपल्या बुद्धीच्या कवेत मावणारा नाही, आणि हे न मावणे म्हणजेच तो अंधकार. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात देव अगम्य प्रकाशात राहतो असे म्हटले आहे (६:१६). अगम्य प्रकाश आणि निबिड अंधकार ही एकाच निवासस्थानाची दोन नावे आहेत, असे माझे मत आहे.

उत्तर २ : निवृत्त मराठी शिक्षक, अंबाजोगाई

मी ख्रिस्ती नाही, आमच्या घरात वारी आहे, तरी हा प्रश्न मला परका वाटला नाही. पसायदानात दुरिताला तिमिर म्हटले आहे आणि ते ज्या देवाच्या भक्तीत म्हटले जाते तो सावळा आहे. लहानपणापासून दोन्ही ऐकत असल्यामुळे आम्हाला त्यात विरोध जाणवत नाही. त्या मुलीच्या आईने तिला कधीतरी सावळी म्हटले असेलच, आणि मराठीत त्या शब्दाला माया आहे.

भाषेचा माणूस म्हणून एका शब्दाकडे लक्ष वेधतो. योहानाच्या शुभवर्तमानाच्या आरंभी प्रकाश अंधारात प्रकाशतो असे वाक्य आहे आणि पुढे अंधाराने त्याचे काय केले नाही, ते सांगणारे ग्रीक क्रियापद दोन अर्थांचे आहे : पकडून गिळले नाही, किंवा समजून घेतले नाही. अनेक भाषांतरकारांना यांपैकी एक अर्थ सोडावा लागतो. मराठीत मात्र ‘ग्रहण’ हा शब्द दोन्ही पेलतो. ग्रहण करणे म्हणजे स्वीकारणे, आकलन करणे, आणि ग्रहण लागणे म्हणजे ग्रासले जाणे. अंधाराने त्याला ग्रहण केले नाही, असे वाचताना मराठी कानाला दोन्ही ऐकू यावेत.

ग्रहणाचा विषय निघालाच आहे, तर आणखी एक सांगतो. येशू वधस्तंभावर असताना दुपारी बारापासून तीनपर्यंत अंधार पडला, असे मत्तय, मार्क आणि लूक सांगतात. तो सण यहूद्यांच्या वल्हांडणाचा, म्हणजे पौर्णिमेच्या सुमाराचा, आणि सूर्यग्रहण अमावास्येलाच लागते. त्यामुळे त्या अंधाराचा खुलासा ग्रहणाने होत नाही. प्रकाश-अंधाराची भाषा ज्याने सर्वांत जास्त वापरली, त्या योहानाने मात्र या तीन तासांचा उल्लेखच केलेला नाही. त्याच्याकडे रात्र आधीच येऊन गेली आहे : येशूला धरून देणारा शिष्य यहूदा भोजनावरून उठून बाहेर जातो आणि योहान फक्त लिहितो की तेव्हा रात्र होती.

उत्तर ३ : परिचारिका, लातूर

सरांनी गुड फ्रायडेचा अंधार सांगितला, मी त्यानंतरच्या शनिवारच्या रात्रीविषयी लिहिते. आम्ही कॅथलिक आहोत. त्या रात्री चर्चमधले सगळे दिवे मालवतात आणि बाहेर आवारात नवा अग्नी पेटवतात. पास्काच्या, म्हणजे पुनरुत्थानाच्या सणाच्या, मोठ्या मेणबत्तीवर त्या वर्षाचे चार अंक कोरतात, धूपाचे पाच दाणे बसवतात आणि ती एकच ज्योत घेऊन अंधाऱ्या चर्चमध्ये शिरतात. ‘ख्रिस्ताचा प्रकाश’ असा घोष तीन वेळा होतो आणि तिच्यावरून प्रत्येक जण आपली लहान मेणबत्ती लावून घेतो. एप्रिलचा उकाडा असतो, पंखे बंद असतात, मेण कागदाच्या चकतीवरून ओघळून बोटावर येते आणि तरी कोणी हात हलवत नाही. त्यानंतर जे मोठे स्तुतिगान होते त्यात त्या रात्रीलाच धन्य म्हटले जाते, कारण ख्रिस्त कोणत्या घडीला उठला हे फक्त त्या रात्रीला ठाऊक आहे. अंधाराला शत्रू मानणाऱ्या धर्मात रात्रीची अशी स्तुती झाली नसती.

अभ्यासक दादांनी ग्रेगरीचा अंधकार फार सुंदर सांगितला आहे, परंतु एका अंधाराचा उल्लेख राहिला, तो म्हणजे प्रार्थना करूनही काहीच न जाणवण्याचा. सोळाव्या शतकातल्या स्पेनमध्ये क्रूसाचा संत योहान या संन्याशाला त्याच्याच धर्मसंघातल्या लोकांनी १५७७च्या डिसेंबरात पकडून टोलेडोच्या मठात कोंडले आणि १५७८च्या ऑगस्टमध्ये तो तेथून निसटला. आत्म्याच्या अंधाऱ्या रात्रीविषयी त्याने पुढे जे लिहिले, त्यात घुबडाची उपमा आहे : प्रकाश जितका प्रखर, तितके घुबडाला कमी दिसते. देव जवळ आला म्हणून आपल्याला अंधार वाटतो, असे त्याचे म्हणणे आहे.

यात एक धोका मी कामावर पाहिला आहे. रात्रपाळीत मूल गमावलेल्या आईला कोणी नातेवाईक येऊन सांगतो की हा अंधारही देवाचाच आहे. असे बोलू नये. संताने ते स्वतःच्या रात्रीविषयी म्हटले होते, दुसऱ्याच्या रात्रीविषयी नव्हे. तिच्याजवळ बसावे, पाणी द्यावे.

प्रश्नकर्ती, पुन्हा

आपल्या सर्वांचे मनापासून आभार. परिचारिका ताईंचे शेवटचे वाक्य मी वहीत उतरवून घेतले आहे. दादा, तुमचे वाचून मी शास्त्रातल्या गीतरत्न या प्रेमकाव्याचा पहिला अध्याय काढला. तेथे ती युवती ‘मी काळी आहे, पण सुंदर आहे’ असे म्हणते, अशी माझी समजूत होती. आमच्या पाळकांना विचारले, तेव्हा त्यांनी सांगितले की मूळ हिब्रूतील अव्ययाचा अर्थ ‘आणि’ असाही होतो. ‘काळी आणि सुंदर’ हे मी तसेच मुलांना सांगणार आहे.

सर, सावळ्या रंगाविषयीचे तुमचे बोलणे वाचताना मला माझे आजोबा आठवले. ते गावाच्या वस्तीला पांढरी आणि शेताला काळी म्हणत, आणि पांढरीत राहायचे पण काळीने जगायचे, असे त्यांच्या बोलण्यात नेहमी येई. येत्या रविवारी मी ते पुस्तक घरीच ठेवून शेतातले काळ्या मातीचे एक ढेकूळ आणि मूठभर गहू नेणार आहे. पाठ योहानाच्या बाराव्या अध्यायातला घेईन, जेथे गव्हाचा दाणा जमिनीत पडून मेला नाही तर एकटाच राहतो, असे येशू म्हणतो. दाणा मातीत गेला की त्याच्यासाठी अंधारच असतो, आणि तो रुजतोही तेथेच. ढेकूळ फोडण्याचे काम मी त्या मुलीकडे देईन.