परदेशी विद्यार्थी कॅम्पसवर आहेत, पण मिसळत नाहीत. वर्गाबाहेर काय करता येईल?

मंडळ_सचिव:
विद्यार्थी मंडळासाठी वर्षभराचा आराखडा करायचा आहे. विद्यापीठात ४० च्या आसपास परदेशी विद्यार्थी आहेत, बाकीचे काही हजार इथलेच. दरवर्षी एक ‘आंतरराष्ट्रीय दिवस’ होतो: झेंडे, पोशाख, नाच, फोटो. दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये पुन्हा ज्याचं त्याचं टेबल. एक्स्चेंजवर बाहेर जाणारे मोजकेच असतात. जे कुठेच जाणार नाहीत त्यांनाही जगाची थोडी जाण यावी, असं काही हवंय. निधी जेमतेम आहे, हॉल आठवड्यातून एक संध्याकाळ मिळतो. नेमकं कसं करावं, कुठे फसतं, ते सांगा.

दुभाषी:
आधी तो दिवस का फसतो ते पाहा. गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये मांडलं की दोन गट नुसते समोरासमोर आले म्हणून पूर्वग्रह कमी होत नाहीत. त्याला चार गोष्टी लागतात: दोघांचा दर्जा सारखा, ध्येय एक, ते गाठायला एकमेकांची गरज आणि वरून संस्थेचा पाठिंबा. झेंड्यांच्या दिवशी एक जण कलाकार असतो आणि दुसरा प्रेक्षक. पहिल्या तीन गोष्टी तिथेच गळतात.

कमी पैशात या चारही गोष्टी जमवायच्या तर भाषेच्या जोड्या लावा. यालाच टँडम म्हणतात. फॉर्ममध्ये चारच प्रश्न ठेवा: कोणती भाषा शिकवू शकता, कोणती हवी, सध्या किती येते, कोणत्या वेळा मोकळ्या आहेत. छंद, आवडीनिवडी विचारू नका. जोड्या वेळापत्रक जुळत नाही म्हणून मोडतात, आवडी जुळत नाहीत म्हणून क्वचितच.

भेट ६० मिनिटांची: ३० एका भाषेत, ३० दुसरीत, टायमर लावून. टायमर नसेल तर दोघांना जी जास्त येते (बहुतेक वेळा इंग्रजी) तीच पूर्ण तास खाते आणि दुसऱ्याच्या हाती काही लागत नाही. सुरुवात कोणत्या भाषेने करायची ते दर आठवड्याला बदला, कारण दुसऱ्या अर्ध्या तासात दोघंही दमलेले असतात. बोलणाऱ्याला मध्येच तोडायचं नाही. तीन ते पाच चुका कागदावर टिपून ठेवायच्या आणि शेवटी दाखवायच्या. अगदी नवशिक्यांना, म्हणजे भाषा किती येते हे मोजणाऱ्या युरोपीय श्रेणीतल्या ए१ या पहिल्या पायरीवरच्यांना, थेट गप्पांना बसवू नका. त्यांना चित्र, नकाशा, बसचं वेळापत्रक असं काहीतरी हातात द्या.

मोठी अडचण आकड्यांची असते. एखादी भाषा शिकायला साठ जण येतात आणि ती बोलणारे चारच असतात. तेव्हा त्या चौघांवर सगळ्यांना लादू नका. तिघांचे गट करा, उरलेल्यांना दुसरी भाषा सुचवा किंवा सरळ प्रतीक्षा यादी लावा. मुदत आठ आठवडे पुरे. ‘वर्षभर’ म्हटलं की कोणीच गांभीर्याने घेत नाही. तिसऱ्या आठवड्यात प्रत्येक जोडीला एक ओळीचा निरोप पाठवून ‘भेटलात का?’ विचारा, गळती बहुतेक तिथेच सुरू होते.

वसतिगृह_पाहणारा:
टँडम चांगलंच, पण तोवर सहसा उशीर झालेला असतो. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत कोण कोणाबरोबर जेवतो हे ठरून जातं. म्हणून सोबती (बडी) योजना विद्यार्थी पोचण्याआधी सुरू व्हायला हवी. निदान दोन आठवडे आधी पहिला निरोप गेला पाहिजे. एका सोबत्याकडे दोनपेक्षा जास्त जण नकोत.

इथे एक खड्डा आहे: सोबती बघता बघता बिनपगारी कारकून होतो. व्हिसा, नोंदणी, बँक, डॉक्टर हे सगळं त्याच्याच गळ्यात पडतं आणि त्याने चुकीचा सल्ला दिला तर फटका त्या परदेशी विद्यार्थ्याला बसतो. दोन तासांचं प्रशिक्षण घ्या आणि त्यात एक पानी यादी द्या: कोणता प्रश्न कोणत्या कार्यालयाकडे. व्हिसाबद्दल सोबत्याने मत द्यायचंच नाही, फक्त पत्ता सांगायचा.

आणि महिनाभराने नातं उलटं करा. परदेशी विद्यार्थ्याला पाहुणा ठेवू नका, काम द्या. पुढच्या कार्यक्रमाच्या समितीत निम्मे ते, निम्मे इथले. खर्चाची वहीही त्यांच्याकडे. हॉलच्या भाड्यावरून हुज्जत घालताना माणसं जितकी कळतात तितकी भाषणांतून कळत नाहीत.

ठराव_क्रमांक:
मॉडेल यूएनचं, म्हणजे विद्यार्थ्यांनी वेगवेगळ्या देशांचे प्रतिनिधी होऊन भरवलेल्या नकली संयुक्त राष्ट्रांच्या बैठकीचं, नाव कोणीच कसं काढलं नाही? ४० परदेशी विद्यार्थी आणि आठवड्याला एक हॉल म्हटल्यावर १९३ देशांची महासभा भरवायचा हट्ट धरू नका. सुरक्षा परिषद करा: १५ जागा, दोघादोघांचं शिष्टमंडळ धरलं तर ३० जण. कोणालाही स्वतःचा देश द्यायचा नाही, हा नियम मोडू नका. जो देश आवडत नाही त्याची बाजू एक पानात मांडायला लावा, तिथूनच डोकं चालायला लागतं.

नियम नीट वाचून घ्या, इथे हमखास चुकतं. ठराव मंजूर व्हायला १५ पैकी ९ मतं लागतात आणि पाच स्थायी सदस्यांपैकी एकाचंही विरोधी मत चालत नाही. पण स्थायी सदस्य तटस्थ राहिला तर तो नकाराधिकार धरत नाहीत. शिवाय कामकाजाच्या पद्धतीबद्दलच्या प्रश्नांवर नकाराधिकार नसतो, तिथे नुसती ९ मतं पुरतात. बहुतेक ठिकाणी अध्यक्ष हा फरक विसरतो आणि अर्धा तास वाया जातो.

दुभाषी:
एक भर. मॉडेल यूएनमध्ये ज्याची इंग्रजी फर्डी तोच बक्षीस नेतो आणि बाकीचे पुढच्या वेळी येत नाहीत. बक्षीस ठेवायचंच असेल तर भाषणाला नको, मसुद्यात विरोधी गटाची दुरुस्ती पटवून घेणाऱ्याला द्या. शेवटी अर्धा तास भूमिकेतून बाहेर येऊन बोलायला राखून ठेवा. तो कापला तर उरते वक्तृत्व स्पर्धा.

घड्याळ_दोन:
जे कुठेच जात नाहीत त्यांच्यासाठी दुसऱ्या देशातल्या विद्यार्थ्यांबरोबर ऑनलाइन प्रकल्प हा स्वस्त मार्ग आहे. पाच-सहा आठवडे, चार जणांचा गट, दोन इकडचे आणि दोन तिकडचे. ‘संस्कृतीवर चर्चा’ हा विषय देऊ नका, दोन भेटींत संपतो. हातात काहीतरी राहील असं काम द्या: एकाच आठवड्यातली एकच बातमी दोन्ही देशांच्या वर्तमानपत्रांत कशी आली? मथळा, फोटो, कोणाचं म्हणणं छापलं, कोणाचं गाळलं, एवढं एका तक्त्यात भरा.

फसतं ते घड्याळावर. युरोपात घड्याळं उन्हाळ्यासाठी मार्चच्या शेवटच्या रविवारी तासभर पुढे जातात, अमेरिकेत बहुतेक ठिकाणी मार्चच्या दुसऱ्याच रविवारी. मधले दोन-तीन आठवडे या दोघांतलं अंतर तासाभराने बदलतं. भारत, चीन, जपान घड्याळ हलवतच नाहीत. भेटीची वेळ यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेतही लिहा. दुसरं म्हणजे सत्रं: दक्षिण गोलार्धात शैक्षणिक वर्ष साधारण फेब्रुवारी-मार्चला सुरू होतं. दोन्हीकडच्या परीक्षा आणि सुट्ट्या एका कॅलेंडरवर टाकल्याशिवाय तारीख ठरवू नका.

चित्रपट दाखवणार असाल तर घरगुती ओटीटी वर्गणीवर जाहीर प्रदर्शन चालत नाही, वेगळा परवाना लागतो.

मंडळ_सचिव:
टँडम आणि बातम्यांचा तक्ता पक्का. सोबती योजना पुढच्या प्रवेशांपासून. आता प्रशासन ‘परिणाम दाखवा’ म्हणेल, त्यांना काय द्यायचं?

वसतिगृह_पाहणारा:
हजेरीचा आकडा नको. पहिल्या आणि आठव्या आठवड्यात एकच प्रश्न विचारा: ‘गेल्या सात दिवसांत दुसऱ्या देशाच्या किती जणांशी दहा मिनिटांहून जास्त बोललात?’ इथल्यांची आणि परदेशींची उत्तरं वेगळी मांडा, कारण सरासरीत ४० जण बुडून जातात. अर्जात ‘इंटरनॅशनलायझेशन अ‍ॅट होम’ हा शब्दप्रयोग घाला. स्वीडनमधल्या माल्मोच्या बेंग्ट निल्सन यांनी तो १९९९ च्या सुमारास रूढ केला, देश न सोडणाऱ्या विद्यार्थ्यांचा विचार करूनच. आंतरराष्ट्रीय विभागाच्या लोकांना तो ओळखीचा असतो. आणि फॉर्म बिननावाचा ठेवा, नाहीतर सोबत्याला वाईट वाटू नये म्हणून आकडे फुगतात.