मदत हवी आहे : खारपाणपट्ट्यातील गाडीच्या अलॉय व्हील्सना पावडर कोटिंग टिकेल की पीयू (पॉलियुरेथेन) रंग?

सर्व जाणकारांना नमस्कार.

मी अमरावती जिल्ह्यातील दर्यापूर तालुक्यातील एका खेड्यात राहतो. आमच्या ८ वर्षे जुन्या हॅचबॅकला कंपनीनेच बसवून दिलेली १५ इंची अलॉय व्हील्स (अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची ओतीव चाके) आहेत आणि चारही चाकांचा रंग आता सुटू लागला आहे. एकही चाक वाकलेले नाही, कोठे तडा गेलेला नाही, त्यामुळे नवी चाके घेण्यापेक्षा हीच सोलून पुन्हा रंगवून घ्यावीत असे घरात ठरले आहे. मात्र या विषयावर जे सल्ले वाचायला मिळतात, त्यांत आमच्या भागातील पाण्याचा विचार झालेला दिसत नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहीत आहे.

आमचा तालुका पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात येतो. अमरावती, अकोला व बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्याचे भूजलच खारे आहे. पिण्यासाठी शहानूर धरणाचे पाणी नळाने येते, पण ते गाडी धुण्यात घालवणे येथे कोणालाच पटणार नाही. त्यामुळे मोटारी, ट्रॅक्टर, फवारणीचे पंप, सारे बोअरच्या पाण्यानेच धुतले जाते. हे पाणी पत्र्यावरून निथळून जाते, पण चाकाच्या आऱ्यांच्या मागे, चाकाचा तोल साधणाऱ्या वजनांच्या खाली आणि टायर व रिम यांच्या सांध्यात साचून वाळते व मीठ मागे ठेवते. भरीस भर म्हणून पावसाळ्यात पांदण रस्त्याची काळी चिकण माती रिमच्या आत थापली जाते आणि कित्येक दिवस ओलीच राहते.

नुकसान दोन प्रकारचे आहे. दर्शनी बाजूला लॅकरच्या (वरच्या पारदर्शक थराच्या) खाली पांढऱ्या नागमोडी रेषा पसरल्या आहेत, वाळवीने लाकूड कोरावे तशा. गिट्टीने टवका उडाला त्या जागेपासून किंवा नटांच्या भोवतालापासून त्या सुरू होतात. नखाने खरवडले की पापुद्रा निघतो आणि खाली पांढरी भुकटी लागते. अॅल्युमिनियमवर स्वतःच्या ऑक्साइडचा जो पातळ संरक्षक थर असतो, तो मिठातील क्लोराइडमुळे फुटतो व धातू खड्ड्याखड्ड्यांनी खाल्ला जातो, हे मला समजते. आतल्या कडेला जेथे क्लिपची वजने बसवली आहेत तेथे खड्डे अधिक खोल आहेत, कारण दोन वेगळे धातू आणि मध्ये खारे पाणी असा तेथे योग जुळून येतो.

दुसरे नुकसान दिसत नाही, पण मला त्याचीच अधिक चिंता आहे. मागच्या डाव्या चाकातील हवा रात्रीतून कमी होते. पंक्चर काढणाऱ्या कारागिराने टायर तपासला, खिळा सापडला नाही, व्हॉल्व्हही ठीक निघाला. मग त्याने साबणाचे पाणी रिमच्या कडेवर सोडले, तेव्हा व्हॉल्व्हपासून वीतभर अंतरावर बारीक बुडबुड्यांची एक ओळ सावकाश उठताना दिसली. टायर उतरवल्यावर त्याची कड रिमवर जेथे टेकते, त्या पट्टीवर पांढरा खरखरीत थर चढलेला होता. कारागिराने तो मन लावून घासला, सोल्यूशन लावून टायर बसवला. हवा काही दिवस टिकली आणि पुन्हा गळू लागली. कुटुंबाला घेऊन समृद्धी महामार्गावर ताशी १२० किलोमीटरच्या मर्यादेपर्यंत गाडी चालवायची असेल, तर अशा चाकावर विसंबणे मला योग्य वाटत नाही.

माझा कल पावडर कोटिंगकडे (रंगाची कोरडी भुकटी चिकटवून भट्टीत भाजण्याकडे) आहे, कारण खडीचा मार तो रंगापेक्षा चांगला सोसतो. परंतु आमच्या जवळपासच्या औद्योगिक वसाहतींत ज्यांच्याकडे मी चौकशी केली, त्यांचे मुख्य काम लोखंडी ग्रिल, कपाटे आणि शेती अवजारे यांचे आहे. त्यांची सात टाक्यांची प्रक्रिया लोखंडासाठी असते: तेल काढणे, आम्लात गंज काढणे, फॉस्फेटिंग (रंग धरून ठेवणारा फॉस्फेटचा थर चढवणे) आणि मधल्या धुलाया. अॅल्युमिनियमला त्याऐवजी क्रोमेटिंग (क्रोमियमच्या संयुगाचा तसाच थर) किंवा तत्सम निराळी प्रक्रिया लागते. एका ठिकाणी जुना रंग कॉस्टिक सोड्याच्या टाकीत काढून देऊ असे सांगितले गेले. कॉस्टिक अॅल्युमिनियमलाच खाते, म्हणून मी चाके तेथे दिली नाहीत. शिवाय पावडर साधारणपणे १८० ते २०० अंश सेल्सिअसला भाजली जाते, आणि ओतीव चाकाची ताकद कारखान्यातील उष्णता-प्रक्रियेतून आलेली असते. भट्टीचे तापमान भरकटले किंवा चाक गरजेपेक्षा जास्त वेळ आत राहिले, तर ती ताकद कमी होऊ शकते. तेव्हा अमरावती, अकोला किंवा नागपूर येथे अलॉय व्हील्सचेच काम नियमित करणारे, धातूचे तापमान मोजून भाजणारे कोणी आपल्या अनुभवातील आहे का? ओतीव धातूच्या छिद्रांतील हवा व ओल बाहेर पडून कोटिंगला टाचणीएवढी भोके पडू नयेत म्हणून चाक आधी पावडर न लावता रिकामेच तापवून घेतात, असे वाचले आहे. तसे करणारे असतील तर उत्तमच.

दुसरा पर्याय तालुक्याच्या ठिकाणच्या डेंटिंग-पेंटिंगवाल्यांचा आहे. त्यांचा हात चांगला आहे आणि एपॉक्सी प्रायमर, बेस कोट व वर पीयू क्लिअर (पारदर्शक थर) असे काम करून देण्यास ते तयार आहेत. खड्डे मात्र पुट्टीने भरू असे ते म्हणतात. ब्रेकची उष्णता आणि रस्त्याचे हादरे सोसून चाकावरची पुट्टी टिकते का? ज्यांनी असे काम करून घेतले आहे, त्यांनी दोन पावसाळ्यांनंतरची अवस्था कृपया सांगावी.

माझा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न रंगाच्या आधीचा आहे. रंग कोणताही असो, खड्ड्यांत मीठ उरले तर पांढऱ्या रेषा नव्या थराखालीही धावणार. सोलल्यानंतर चाके बोअरच्या पाण्याने धुणे म्हणजे केलेल्या कामावर पाणी फिरवणे होईल. शेवटची धुलाई बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड वॉटरने करणे पुरेसे आहे का, की बारीक ग्लास बीडने ब्लास्टिंग (काचेच्या मण्यांचा जोरदार मारा) करून खड्ड्यांचा तळ उघडा करणे अनिवार्य आहे? आणि टायर टेकतो त्या पट्टीवर पूर्ण जाडीचे कोटिंग द्यावे, की नुसता प्रायमरचा पातळ थर ठेवावा? नट बसण्याच्या जागा आणि हबला (चाक ज्यावर बसते त्या भागाला) टेकणारा पृष्ठभाग झाकून ठेवायला मी सांगणारच आहे, कारण तेथील जाड थर दबला की नट सैल पडतात.

एक व्यावहारिक अडचणही आहे. सध्या कापूस वेचणी सुरू असल्याने गाडी फार दिवस ठोकळ्यांवर उभी ठेवता येणार नाही. ओळखीच्या एकाकडून दोन लोखंडी रिम तात्पुरत्या मिळत आहेत; त्यांच्या नटांची बैठक जुळते की नाही हे मी तपासून घेईन. म्हणजे चाके दोन-दोन करून पाठवता येतील. पण पावडरचा क्रमांक एकच असला तरी वेगवेगळ्या दिवशी भाजलेल्या दोन जोड्यांच्या छटेत डोळ्यांना जाणवेल एवढा फरक पडतो का? पडत असेल, तर एका दिवसात भाजून घेण्यासाठी चारही चाके एकदम पाठवण्याची तजवीज करीन.