मदत हवी आहे: सोळा महिने उभी असलेली निंजा १००० लांबच्या प्रवासासाठी कशी तयार करावी?

सह्यवळण (धागाकर्ता)

सेकंडहँड कावासाकी निंजा १००० घेतली आहे. २०१७ चं मॉडेल, १०४३ सीसी, मीटरवर २१,४०० किमी. पुण्यात सोसायटीच्या पार्किंगमध्ये कव्हर घालून सोळा महिने उभी होती, त्यात एक अख्खा पावसाळा आला. घेतल्यापासून सेल्फ मारलेला नाही. आजची अवस्था:

- बॅटरी ९.८ व्होल्ट
- १९ लिटरची टाकी साधारण अर्धी भरलेली, झाकण उघडलं की पॉलिशसारखा वास
- पुढचं चाक जड फिरतं, लिव्हर दाबल्यावर स्पंज दाबल्यासारखी, ब्रेक ऑइलचा रंग कोऱ्या चहासारखा
- चेनवर तांबूस गंज
- टायरची नक्षी भरपूर शिल्लक
- शेवटच्या सर्व्हिसिंगची नोंद १९,८०० किमीला

महिन्याभरानंतर पुणे-कोल्हापूर-आजरा-आंबोली-सावंतवाडी-गोवा असा बेत आहे. दोघे जण आणि दोन साइड बॉक्स. पॅडॉक स्टँड, टॉर्क रेंच, मल्टिमीटर घरी आहे. नवी बॅटरी टाकून आधी इंजिन सुरू होतं का ते बघू? की गॅरेजलाच न्यावी?

पान्हा_बारा

नवी बॅटरी टाकून सेल्फ मारू नका. बटण दाबल्याबरोबर पंप टाकीच्या तळाचं पेट्रोल ओढून इंजेक्टरकडे पाठवेल, आणि तळाशी नेमकं काय साठलंय ते अजून तुम्हाला माहीत नाही. पहिलं काम टाकी.

सायफनने सगळं पेट्रोल काढा. शेवटचा एक लिटर वेगळ्या काचेच्या बरणीत घेऊन अर्धा तास स्थिर ठेवा. आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि ते हवेतली ओल शोषतं. पाणी प्रमाणाबाहेर गेलं की इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन खाली बसतं, वर पेट्रोल राहतं. बरणीत तळाशी वेगळा गढूळ थर दिसला तर ते पेट्रोल कुठल्याच गाडीत टाकायचं नाही, गवत कापायच्या मशीनमध्येसुद्धा नाही. पंप टाकीच्या तळालाच बसवलेला असल्यामुळे हा थर आधी त्याच्याच तोंडी जातो.

टाकी रिकामी झाली की टॉर्च मारून आत बघा. शिवणीवर फिकट तपकिरी डाग असतील तर चालेल. पापुद्रे सुटत असतील तर पंप बाहेर काढून जाळी धुवावीच लागेल. पंपाचा रबरी गॅस्केट नवा घ्या, जुना फुगतो आणि परत नीट बसत नाही.

टाकी उचललीच आहे तर एअर फिल्टरचं झाकणही उघडा. सोसायटीच्या पार्किंगमधल्या गाडीत उंदराचं घरटं मिळणं ही अजिबात नवलाची गोष्ट नाही. कापसाचे बोळे, लेंड्या, कुरतडलेल्या वायरी दिसल्या तर मुख्य हार्नेस (वायरींचा जुडगा) शेवटपर्यंत हाताने चाचपून बघा.

जोडसाखळी

ब्रेकचं सांगतो. चाक जड फिरतंय म्हणजे पिस्टन मागे सरकत नाहीत. पॅड काढा, पण पिस्टन लगेच आत ढकलू नका. बाहेर आलेल्या भागावरची काळी माती सीलमधून आत जाते आणि दोन महिन्यांत तोच त्रास परत सुरू होतो. लिव्हर हळू दाबून प्रत्येक पिस्टन दोन-तीन मिमी बाहेर आणा, साबणाचं पाणी आणि जुना टूथब्रश घेऊन गोल घासा, फडक्याने पुसा, मग बोटांनी आत ढकला. चारपैकी एखादा अडत असेल तर बाकीचे दाबून धरून त्या एकट्याला चार-पाच वेळा आतबाहेर करा. तरीही हाताने जात नसेल तर कॅलिपर (पिस्टन आणि पॅड धरणारा भाग) खोलून सील बदलायचे. पेट्रोल, डिझेल, डब्ल्यूडी-४० यातलं काहीही सीलला लावायचं नाही.

ब्रेक ऑइल डॉट ४, सीलबंद बाटली, अर्धा लिटरमध्ये पुढचं-मागचं दोन्ही होतं. डॉट ४ चा उत्कलनबिंदू नवीन असताना किमान २३० अंश असतो, पाणी शोषल्यावरची किमान मर्यादा १५५ अंश. आंबोलीचा उतार दोघं आणि सामान घेऊन उतरताना हा फरक लिव्हरमध्ये कळतो. आणि डॉट ५ घेऊ नका. ते सिलिकॉनचं असतं, नावात फक्त एक आकडा वेगळा आहे म्हणून दुकानदारही कधीकधी तेच हातात देतो.

एबीएसच्या (ब्रेक मारताना चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) ब्लॉकमध्ये जुनं ऑइल अडकून राहतं. एकदा ब्लीड करा (जुनं ऑइल आणि हवा नळीतून काढून नवं भरा), मोकळ्या मैदानात मातीवर कमी वेगात आठ-दहा वेळा एबीएस लागेल असा ब्रेक मारा, परत ब्लीड करा. दुसऱ्या वेळी नळीतून येणारं ऑइल मळकट दिसलं तर समजा हे केलं ते बरं झालं. टाकीवर जुनी चादर टाका, ब्रेक ऑइल रंग खातं.

रात्रपाळी

बॅटरी १२ व्होल्ट ८ एएचची आहे. ९.८ वर आलेली बॅटरी शक्यतो वाचत नाही, तरी एक संधी द्या. ०.८ ते १ अँपिअरच्या चार्जरवर लावा, कारच्या मोठ्या चार्जरवर नको. भरल्यावर सुटी करून २४ तास ठेवा आणि मोजा. १२.६ किंवा वर टिकली आणि सेल्फ मारताना १० च्या खाली गेली नाही तर ठेवा. नाहीतर नवी.

इंजिन सुरू झाल्यावर टर्मिनलवर मोजा. चार हजार आरपीएमला १४ व्होल्टच्या आसपास हवं. १३ च्या खाली राहिलं किंवा १५ च्या वर गेलं तर रेग्युलेटर (चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा भाग) आणि त्याचा कनेक्टर बघा, आरपीएमबरोबर आकडा वर जात राहिला तर प्रवासाला निघूच नका.

कारवरून जंप स्टार्ट करायची वेळ आली तर कारचं इंजिन बंद ठेवून.

घाटमाथा

टायरची नक्षी बघून फसू नका, बाजूला लंबगोलात चार आकडे असतात ते वाचा. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. माप पुढे १२०/७० झेडआर१७, मागे १९०/५० झेडआर१७. हवा थंड टायरमध्ये पुढे ३६, मागे ४२ पीएसआय. पंपावरच्या गेजवर भरवसा ठेवू नका, स्वतःचं गेज घ्या.

सह्यवळण

सगळ्यांचे आभार. इतकं झालं:

१. पेट्रोल काढलं, बरणीत तळाशी बोटभर गढूळ थर. टाकीत गंज नाही, थोडे डाग. पंपाची जाळी धुतली, गॅस्केट नवा. उंदीर नाही.
२. बॅटरी चार्ज करून २४ तासांनी ११.९. नवी टाकली. चालू इंजिनवर १४.२.
३. ऑइल, फिल्टर, ब्रेक ऑइल बदललं. दुसऱ्या ब्लीडला खरंच मळकट आलं.
४. टायरवर १५१८.

नवा प्रश्न: गाडी लगेच सुरू होते, आयडल स्थिर. पण २५-३० मिनिटं चालवली की झटके देते, मग बंद पडते. पाच-दहा मिनिटं थांबलं की परत चालू. तापमान ९५ च्या वर जात नाही. पंप गेला का?

पान्हा_बारा

पंप घ्यायच्या आधी टाकीचं झाकण उघडा. झटके सुरू झाल्याबरोबर बाजूला थांबून किल्ली लावा आणि कान द्या. फुस्स आवाज करून हवा आत गेली आणि गाडी लगेच नीट चालली तर दोष पंपात नाही, टाकीच्या हवेच्या नळीत आहे. टाकीखालून दोन बारीक नळ्या खाली जातात, एक झाकणाभोवतीचं पाणी काढते, दुसरी टाकीत हवा घेते. टाकी परत बसवताना यातली एक फ्रेम आणि टाकीच्या मध्ये चेपली जाते. पेट्रोल कमी होतं तशी आत निर्वात पोकळी तयार होते आणि पंपाला ओढता येईना होतं. अर्ध्या तासाचा हिशोब त्यामुळेच जुळतो.

झाकण उघडूनही फरक पडला नाही तर जाळीत परत कचरा. त्याची खूण वेगळी: हळू चालवताना ठीक, वरच्या गिअरमध्ये पूर्ण पीळ दिला की दम तोडते. पाणी राहिलं असतं तर थंड इंजिनवर पहिल्या मिनिटातच अडखळली असती.

सह्यवळण

फुस्स! नळी टाकीच्या मागच्या बिजागरीशी चेपली होती. मोकळी केली, काल ८० किमी विनातक्रार.

टायर २०१८ चे, म्हणजे जुने झालेत, म्हणून बदलतोय. दुकानात १९०/५० नाही, १९०/५५ लगेच मिळतोय. चालेल?

घाटमाथा

हिशोब करा. १९० ही टायरची मिमीमधली रुंदी, पुढचा आकडा म्हणजे टायरची उंची रुंदीच्या किती टक्के. १९० चे ५५ टक्के म्हणजे १०४.५ मिमी, ५० टक्के म्हणजे ९५. मागची बाजू साडेनऊ मिमी उचलली जाते. गाडी वळणात लवकर झुकते आणि पुष्कळांना ते आवडतं. पण साइड स्टँडवर गाडी जास्त कलते, भरलेले बॉक्स असताना मऊ मातीवर उभी करताना जपा. मडगार्ड आणि टायरमधली जागा मोजा. पुढचा-मागचा एकाच कंपनीच्या एकाच मॉडेलचा घ्या. माझं मत: दोघांचा प्रवास असेल तर आठवडा थांबा आणि १९०/५० च घ्या, गाडीचं एबीएस आणि ट्रॅक्शन कंट्रोल (मागचं चाक घसरू न देणारी यंत्रणा) त्याच मापावर बसवलेलं आहे.

पहिले १५० किमी नवा टायर झुकवायचा नाही. वरचा गुळगुळीत थर निघून जाऊ दे.

जोडसाखळी

चेनचं राहिलं. गंज वरवरचा असेल तर चेन क्लीनर किंवा रॉकेल, मऊ ब्रश, पुसून गिअर ऑइल. तारेचा ब्रश आणि पेट्रोल नको, आतल्या रबरी रिंगा जातात. मग चाक फिरवत एकेक कडी बघा. वाकून अडकलेली कडी सरळ होत नसेल, किंवा मागच्या स्प्रॉकेटच्या मध्यावर चेन ओढल्यावर अर्धा दात उघडा पडत असेल तर चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकत्र बदला. ढील किती ठेवायची ते स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणारा दांडा) स्टिकरवर लिहिलंय. सगळ्यात ताठ जागी मोजा. मागे बसणारा आणि बॉक्स असतील तर ढील वरच्या मर्यादेकडे ठेवलेली बरी, ताठ चेन गिअरबॉक्सचं बेअरिंग खाते. प्रवासात दर ५००-६०० किमीला तेल, पाऊस लागला तर त्याच संध्याकाळी.

रात्रपाळी

कागदांकडेही बघा. गाडी १ एप्रिल २०१९ च्या आधीची आहे, एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबर प्लेट) पाटी लागलीय का? सोळा महिन्यांत विमा आणि पीयूसी दोन्ही संपले असणार, विमा कंपनी तपासणी मागेल. नावावर करण्याचे कागद आधी.

सह्यवळण

पाटी लागलेली आहे, विम्याची तपासणी शुक्रवारी. एक शेवटचं: मागचा प्रीलोड (मागच्या शॉकच्या स्प्रिंगचा ताण) किती क्लिक?

पान्हा_बारा

कोणाच्या क्लिकचा आकडा तुम्हाला लागू पडणार नाही. नॉब पूर्ण ढिला करा, गाडी सरळ धरून एक्सलपासून सीटखालच्या एका ठरावीक बिंदूपर्यंत मोजा. मग दोघं बसून, बॉक्स भरून परत मोजा. फरक ३५-४० मिमीपेक्षा जास्त असेल तर नॉब आवळत जा आणि दर चार क्लिकनंतर मोजा. जो आकडा येईल तो टेपवर लिहून सीटच्या आतल्या बाजूला चिकटवा, एकट्याने चालवताना मागे आणायला सोपं जातं. प्रीलोड बदलला की रात्री भिंतीवर हेडलाइटही बघा. मागची बाजू दबलेली असेल तर घाटात समोरच्याच्या डोळ्यांत जातो.