अनुभव धागा: डान्स फ्लोअरवर कोण कसं वागतं?

टाचदुखी

नाइटक्लबच्या दाराशी पाटी असते: अमुक कपडे चालणार नाहीत, बाहेरचं पेय आणू नका. आत नाचताना कसं वागायचं याची पाटी क्वचितच दिसते. तरी नियम असतात, आणि कोणी मोडला की आजूबाजूच्यांना लगेच कळतं. तुम्हाला ते कुठे आणि कसे कळले, हे वाचायला आवडेल. कोणी चांगलं वागलं असेल तर तेही लिहा, नाहीतर धाग्याचं नुसतं तक्रारपुस्तक होईल. क्लबची नावं आणि माणसांच्या खुणा मात्र नकोत.

सुरुवात मी करते. माझा विषय मागून येणाऱ्यांचा. आवाज एवढा असतो की बोलून विचारता येत नाही, मान्य. मग समोरून या की. हातभर अंतर ठेवून नाचा, नजर मिळते का बघा. समोरची हसली, तुमच्याकडे वळली तर ठीक. पाठ फिरवली, मैत्रिणीकडे सरकली, अंग आखडून घेतलं तर उत्तर मिळालं. मागून येऊन कमरेला हात लावणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही, कारण चेहरा बघायची सोयच त्याने ठेवलेली नसते. आणि माझं डोकं खरं फिरतं ते पुढच्या गोष्टीने. "नको" असं तोंडावर सांगूनही न हलणारा इसम "नवरा आलाय" म्हटल्याबरोबर माफी मागतो, तीही नवऱ्याची! माझ्या नकाराला किंमत नाही, न आलेल्या नवऱ्याला आहे. मैत्रिणी हल्ली म्हणतात, कशाला वाद, सांगून टाक नवरा म्हणून. मी सांगत नाही. माझं लग्नच झालेलं नाही, ते वेगळं.

खांबाशेजारी

टाचदुखीताई, +१. पुरुष असून हे माझ्याबाबतीतही घडलंय. एका बाईंनी मुक्तपणे हात फिरवला आणि माझे मित्र "नशीबवान आहेस" म्हणून खिदळत बसले. त्या बाईंपेक्षा मित्रांचा राग जास्त दिवस राहिला.

सहा फुटी

माझा अनुभव वाट काढण्याचा. गर्दीतून जायचंच असतं, कोणाला पाणी हवं असतं, कोणाला बाथरूम. प्रश्न कसं जायचं हा आहे. मी एक हात छातीशी आणि दुसरा डोक्याच्या वर धरतो. लोकांना दिसतं की कोणीतरी येतंय, आणि माझे हात कुठे आहेत तेही दिसतं. फारच दाटी असेल तर दंडाला किंवा खांद्याला बोटं टेकवायची. कंबर, पाठ, केस अजिबात नाही. हे मला एका अनोळखी मुलीने शिकवलं. ती अशी माझ्या पलीकडे गेली की मला कळायच्या आत पुढे पोचलीसुद्धा.

याउलट एकमेकांचे हात धरून आठ-दहा जणांची साखळी येते ती. पहिला घुसतो, बाकीचे ओढले जातात, मध्ये सापडलेल्याचा हात मुरगळतो. आणि ही मंडळी पुढे जाऊन करतात काय, तर गोल करून उभी राहतात, मध्ये बॅगांचा ढीग, आणि गप्पा! स्पीकरच्या ऐन समोर. गप्पांना मागची अख्खी जागा मोकळी असते हो.

माझ्या उंचीबद्दल आधीच सांगतो: मी पुढे उभा राहत नाही. कडेला जातो. कोणी सांगितलेलं नाही, मागच्यांची मुंडकी डावी-उजवीकडे होताना दिसतात तेवढं पुरतं.

कानसेन

कानात ओरडणाऱ्यांवर कोणी लिहिलं नाही अजून? मोठ्या आवाजाच्या क्लबमध्ये १०० डेसिबलच्या आसपास पातळी असणं नवलाचं नाही. कामाच्या ठिकाणांसाठी वापरला जाणारा एक प्रचलित हिशोब असा: ८५ डेसिबल आठ तास चालतील, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे १०० ला पोचेपर्यंत १५ मिनिटं उरतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली अशा जागांसाठी जे मानक काढलं त्यातही सरासरी १०० डेसिबल हीच वरची मर्यादा आहे, शिवाय कानाला विश्रांती देण्यासाठी शांत जागा असावी असं म्हटलंय. आता या सगळ्यावर एखादा माणूस कानाला तोंड लावून "काय मस्त गाणं आहे ना!" असं किंचाळतो. मस्त आहे, म्हणूनच ऐकतोय बाबा.

कानात बोळे घालून जा. फोमचे स्वस्त बोळे संगीत गढूळ करतात, संगीतासाठीचे वेगळे मिळतात. आणि बोलायचंय तर बाहेर चला. बाहेर बोलावणं हीसुद्धा एक सभ्य पद्धत आहे, फक्त एकदाच विचारायचं.

मोकाट

धागा वाचून दम लागला. हात असा, पाय तसा, नजर अशी. एवढं सांभाळायचं तर घरीच नाचावं. क्लबमध्ये माणूस डोकं बाजूला ठेवायला जातो.

टाचदुखी

मोकाट, तुम्ही डोकं बाजूला ठेवता तेव्हा शेजारणीला दोन डोकी सांभाळावी लागतात. तिलाही सुट्टी हवी असेल.

तिसरी तांदा

मोकाट यांच्यासाठी एक उलटं उदाहरण. मी टँगो नाचते. ब्युनोस आयरेसच्या मिलोंगांमध्ये, म्हणजे टँगोच्या नाच-मैफलींमध्ये, जुन्या पद्धतीने आमंत्रण नजरेनेच दिलं जातं. त्याला काबेसेओ म्हणतात. खोलीच्या पलीकडून बघायचं, समोरच्याने नजर धरली आणि मान हलवली तर उठायचं. नजर दुसरीकडे वळली तर काही घडलंच नाही. कोणाची फजिती नाही, कोणाला तोंडावर नकार द्यावा लागत नाही. तीन-चार गाण्यांचा एक संच असतो, तो तांदा. मध्ये वेगळ्याच संगीताचा छोटा तुकडा वाजतो, तेव्हा फ्लोअर रिकामा होतो. संचाच्या मध्येच "ग्रासियास", म्हणजे स्पॅनिशमध्ये धन्यवाद, म्हटलं तर नाच तिथे थांबला. आणि सगळी जोडपी घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात, कोणी कोणाला आडवं जात नाही.

माझ्या मते लोक इथे मोकळेपणाने नाचतात ते एवढे नियम आहेत म्हणूनच. अनोळखी माणसाच्या मिठीत डोळे मिटून नाचते मी. डिस्कोच्या गर्दीत माझी तेवढी हिंमत होत नाही. क्लबमध्ये टँगोची शिस्त आणा असं अजिबात म्हणत नाहीये, कंटाळवाणं होईल. पण तो नजरेचा भाग उचलण्यासारखा आहे.

काउंटरपलीकडून

काही वर्षं बारमागे काम केलंय. आमच्या बाजूने पहिली गोष्ट ग्लासची. नाचताना हातात भरलेला ग्लास नकोच. सांडलं की फरशी निसरडी, फुटला की उघड्या सँडलमधले पाय. काच फुटली तर तिथेच उभं राहून इतरांना थांबवा आणि एकाला आमच्याकडे पाठवा. पायाने कोपऱ्यात सरकवू नका, अंधारात ती तिथे नाचणाऱ्याला सापडते.

दुसरी गोष्ट, कोणी त्रास देत असेल तर आम्हाला सांगा. "एवढ्यासाठी कुठे सांगायचं" असं म्हणून लोक निघून जातात, आणि तो माणूस दुसरीकडे वळतो. इंग्लंडमधल्या लिंकनशायरमध्ये २०१६ साली एक मोहीम सुरू झाली: काउंटरवर जाऊन "अँजेला आहे का?" विचारायचं. कर्मचाऱ्याला कळतं की या व्यक्तीला गुपचूप मदत हवी आहे. टॅक्सी बोलवून देणं, मागच्या दाराने नेणं, जे लागेल ते. ती पुढे बऱ्याच ठिकाणी पसरली. पण कर्मचाऱ्यांना शिकवलेलं नसेल तर "इथे कोणी अँजेला काम करत नाही" असं उत्तर मिळतं. तेव्हा शब्दावर विसंबू नका, सरळ "मला मदत हवी आहे" म्हणा.

कंपन

मला ऐकू येत नाही. मी स्पीकरजवळ उभी राहते, कारण बेस फरशीतून आणि छातीतून कळतो. लोकांना वाटतं मी त्यांच्याकडे दुर्लक्ष करतेय. एकाने चिडून माझा खांदा धरून मला फिरवलं. समोर येऊन हात हलवला असता तर मी बाजूला झाले असते. त्याच क्लबमध्ये एक मुलगी गाणं बदलणार असलं की मला बोटांनी नवा ठेका दाखवायची. ओळख नव्हती, नंतर झाली.

पन्नाशीतला

मला नाचायला आवडतं आणि केस पांढरे आहेत. दर वेळी कोणीतरी "काका, मानलं तुम्हाला" म्हणून पाठ थोपटतं. ते चालवून घेतो. पण मग तोच मोबाइल काढून माझं चित्रण करू लागतो, आजूबाजूचे टाळ्या वाजवत गोल करतात, आणि मी नाचणारा उरत नाही, तमाशा होतो. तुमच्या आनंदासाठी नाचायला मी आलेलो नाही. आपापलं नाचा, मीही नाचतो.

बिनफ्लॅश

पन्नाशीतले काका, म्हणूनच मला बर्लिनची पद्धत पटते. बर्गहाइन क्लबमध्ये दारातच फोनच्या कॅमेऱ्यांवर स्टिकर चिकटवतात. आत फोटो नाही म्हणजे नाही. इतरही काही क्लब हेच करतात. पहिला अर्धा तास हात खिशाकडे जातो, मग विसरायला होतं. आपण चित्रात येणार नाही हे माहीत असलं की वेडंवाकडं नाचायची लाज वाटत नाही.

फेडर

डीजे आहे. फर्माईश घेऊन येणाऱ्यांनो, आम्ही एका कानाला हेडफोन लावून वाकलेलो असतो तेव्हा पुढचं गाणं जुळवत असतो. नेमक्या त्या क्षणी तोंडासमोर चमकता मोबाइल धरू नका. टेबलावर ग्लास ठेवू नका, टेबलाला रेलू नका. रेकॉर्ड वाजत असेल तर सुई उडते आणि शिव्या मला बसतात. बाकी नाचत राहा, त्याहून मोठी दाद नाही.

सातवा रंग

समलैंगिकांच्या क्लबमध्ये येणाऱ्या इतर मंडळींबद्दल. या, स्वागत आहे. पण लग्नाआधीच्या पार्टीचा घोळका घेऊन, आम्हाला बघायला म्हणून येऊ नका. "तुम्ही किती गोड" म्हणत गालाला हात लावणं हाही हातच आहे. जून १९६९ मध्ये न्यू यॉर्कच्या ज्या स्टोनवॉल इनवर पोलिसांनी धाड टाकली आणि लोक उलटून उभे राहिले, ती पुरुषांना एकमेकांबरोबर नाचता येईल अशा त्या शहरातल्या मोजक्या जागांपैकी एक होती. आमच्यासाठी फ्लोअर ही एवढी महागात पडलेली जागा आहे. सेल्फीसाठी मला बाजूला व्हायला सांगितलं जातं तेव्हा हे आठवतं.

नवखी

सगळं वाचलं. या शनिवारी पहिल्यांदाच जाणार आहे, तेही एकटी. घाबरवलंत तुम्ही.

काउंटरपलीकडून

घाबरू नका. ग्लास नजरेआड करू नका, ठेवून गेलात तर परत आल्यावर नवा घ्या. परतीचं वाहन आधी ठरवा. कोणाला कुठे गेलात ते सांगून ठेवा.

सहा फुटी

लवकर जा, जागा मोकळी असते. एकट्या येणाऱ्या बऱ्याच जणी असतात, त्या बहुधा कडेला आणि पुढे डाव्या-उजव्या कोपऱ्यात सापडतात.

मोकाट

आणि कोणी अंगचटीला आलं तर नवरा आलाय म्हणा.

टाचदुखी

मोकाट!!

नवखी

नाही म्हणणार. "नको" म्हणेन, आणि नाही ऐकलं तर काउंटरवर जाईन. येऊन इथे लिहिते रविवारी.