चूक सांगता येते का, ते बघा
पगार वेळेवर झाला की ऑफिसातलं वातावरण आपोआप चांगलं राहतं, असं काही जण म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. पगार हवाच, त्यात वादच नाही. पण चूक झाल्यावर माणूस ती सांगतो की दडवतो, हे पगारावर ठरत नाही. एमी एडमंडसन या संशोधिकेने १९९० च्या दशकात रुग्णालयांतल्या औषधांच्या चुकांचा अभ्यास केला. कर्मचाऱ्यांच्या चांगल्या गटांत चुका कमी असतील अशी त्यांची अपेक्षा होती, पण आकडे उलटेच आले. त्या गटांतले लोक चुकांबद्दल मोकळेपणी बोलत होते, म्हणून त्या नोंदीत येत होत्या, असं त्यांच्या लक्षात आलं.

माझ्या आधीच्या ऑफिसात एका बिलात एक शून्य जास्त पडलं. ज्याच्या हातून झालं त्याला त्याच दुपारी कळलं होतं, पण साहेब सगळ्यांसमोर झापायचे, म्हणून तो गप्प बसला. तीन आठवड्यांनी ग्राहकाचाच फोन आला आणि तो ग्राहक कायमचा गेला. आताच्या मॅडमना मी माझी अशीच चूक सांगितली, तर त्यांनी शेजारची खुर्ची ओढली आणि म्हणाल्या, "बस, आत्ताच दुरुस्त करू." दहा मिनिटांत काम झालं.