वाळवणाचे दिवस आणि आपला शेजार : अनुभव धागा

होळी झाली, उन्हे चढू लागली आणि किराणा दुकानात उडदाची डाळ, पापडखार व साबुदाणा यांची पोती पुढे आली, की घराघरांत वाळवणाचा विषय निघतो. अलीकडे तो बहुधा ‘यंदा कोठून आणायचे’ एवढ्यावरच संपतो. माझ्या लहानपणी मात्र आळीतल्या बायका ‘आधी कोणाकडे’ हे ठरवायला बसत. कुरडईचेच पाहा. गहू तीन दिवस रोज पाणी बदलून भिजवायचे, वाटून त्यांचा चीक काढायचा, तो रात्रभर निवळू द्यायचा, आणि पहाटे आधणाच्या पाण्यात एकीने चिकाची धार धरायची व दुसरीने अखंड घोटायचे, कारण घोटणारा हात क्षणभर थांबला तरी गाठी होतात. चीक गरम असतानाच सोऱ्यात भरावा लागतो. म्हणजे सोऱ्या दाबायला तिसरी हवी आणि गच्चीवर पातेली पोहोचवायला चौथी. एकटीने करण्याजोगे हे काम नव्हतेच, आणि शेजारणींची एकमेकींकडे जी हक्काची ये-जा होती ती बऱ्याच अंशी या गरजेतून आली होती, असे मला मनापासून वाटते.

आपल्याकडे वाळवण कसे होत असे, कोण कोणाच्या मदतीला येई, आणि आज त्यातले काय टिकले आहे, हे सविस्तर लिहावे. पाककृती आल्या तर आनंदच आहे. पण त्या पदार्थामागची माणसेही त्यांच्यासोबत यावीत.

यावल तालुका, जळगाव

आमच्या खानदेशात बिबडी झाल्याशिवाय वाळवण झाले असे कोणी मानत नाही. ज्वारी भिजवून, आंबवून, भरडून तिचे पीठ तिखट, लसूण, तीळ व मीठ घालून मोठ्या पातेल्यात शिजवतात आणि ते गरम असतानाच पाण्याचा हात लावून ओल्या धोतरावर थापतात. धोतर बाजेवर पसरलेले असते. बिबड्या वाळल्या की कापड उलटे करून मागून पाणी शिंपडायचे, म्हणजे त्या न मोडता सुटतात. अर्धवट सुकलेली, कडेने कडक आणि मध्ये मऊ बिबडी कच्च्या शेंगदाण्याच्या तेलाबरोबर खाण्यासाठी आम्ही मुले राखणीला बसत असू.

माझ्या वडिलांचे आणि चुलत्यांचे शेताच्या बांधावरून बोलणे बंद होते. दोघे एका ओट्यावर बसत नसत, लग्नाच्या पंगतीत एकमेकांकडे पाहत नसत. आमच्याकडे उडदाच्या पापडांचे पीठ कुटायला घेतले की काकू मात्र आपले पोळपाट-लाटणे घेऊन मागच्या दाराने येत, आणि त्यांच्याकडे पापड असले की आई जाई. पिठाची लांब वळी करून दोऱ्याने लाट्या कापण्याचे काम काकूंचेच, कारण त्यांच्या लाट्या सारख्या पडत. वडिलांनी कधी आईला अडवले नाही आणि चुलत्यांनीही काकूंना विचारले नाही. बांधाचा वाद पुढे पंचांनी मिटवला, पण दोन घरांतले नाते तोवर जिवंत राहिले ते या दोघींमुळे. आम्ही चुलत भावंडे आज एकमेकांच्या अडीअडचणीला धावून जातो, याचे श्रेय मी त्यांनाच देतो.

इचलकरंजी

आमच्या गल्लीत शेवयांचे लोखंडी यंत्र एकाच घरी होते, आणि ते घर मुसलमान विणकराचे होते. बाकाच्या कडेला यंत्र घट्ट बसवायचे, एकाने दांडा फिरवायचा आणि दुसऱ्याने खालून येणाऱ्या शेवया अलगद काठीवर घ्यायच्या. गव्हाला पाण्याचा हात लावून, दळून, बारीक वस्त्रातून चाळून काढलेले सपीठ प्रत्येकीने आपापले आणायचे. ज्या वर्षी रमजानचा महिना उन्हाळ्यात येई, त्या वर्षी ईदच्या आधी त्यांच्या घरच्या शेवयांना पहिला मान असे, कारण शीरखुर्म्यासाठी त्यांना त्या लवकर लागत. मग यंत्र दारोदार फिरे. त्या घरातल्या खालाजान रोजा असतानाही माझ्या आजीच्या शेवया काठीवर घ्यायला येत, आणि त्या दुपारी आजी त्यांच्यासमोर पाणीसुद्धा पीत नसे. हे कोणी कोणाला शिकवले नव्हते.

शिरोळ तालुका, कोल्हापूर

लग्नघरी मुहूर्ताचे सांडगे, पापड आणि गव्हले करायला आमच्याकडे पाच सवाष्णींना बोलावण्याची रीत आहे. माझी आई ऐन तिशीत विधवा झाली. गव्हले वळण्यात तिचा हात धरणारे गावात कोणी नव्हते. दोन बोटांत चिमूटभर पीठ घेऊन ती इतके एकसारखे दाणे वळी की परगावच्या बायका पाहायला थांबत. तरीही मुहूर्ताच्या दिवशी ती पडवीत बसे आणि दुसऱ्या दिवशी, मान्यवर हातांचे काम आटोपल्यावर, खरे काम तिच्यापुढे येई.

माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नात शेजारच्या वहिनींनी पाटावरचे सूप उचलून सरळ आईच्या मांडीवर ठेवले आणि म्हणाल्या, “मावशी, सुरुवात तुम्ही करा, आम्ही तुमच्या मागून.” बसलेल्या बायकांपैकी दोघी उठून गेल्या, बाकीच्या बसून राहिल्या, आणि आईने गव्हले वळायला घेतले. पुढे मे 2022 मध्ये आमच्याच तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने विधवांवरील अनिष्ट प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि तो राज्यभर गाजला. तो ठराव मोलाचाच आहे. परंतु तो अमलात यायचा तर अशा सुपाजवळ, शेजारणींच्या धैर्यानेच यायचा आहे, असे माझे ठाम मत आहे.

गिरगाव, मुंबई

चाळीत अंगण नसते, म्हणून आमचे सारे वाळवण गच्चीवर होई, आणि गच्ची साऱ्या बिऱ्हाडांची असल्यामुळे वारही वाटून घेतलेले असत. कोकणस्थ, भंडारी, गुजराती अशी सगळी घरे होती. एका चटईवर पोह्याचे मिरगुंड, तर दुसरीवर उडदाचे पापड. उडदाच्या पापडाला तीव्र ऊन सोसत नाही, तो वाकतो आणि तडकतो, म्हणून त्यांच्या चटया टाकीच्या सावलीला असत. याच गिरगावात 15 मार्च 1959 रोजी 7 गुजराती गृहिणींनी 80 रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटायला सुरुवात केली आणि त्यातून लिज्जत पापडाचा उद्योग उभा राहिला. त्यांच्यापैकी जसवंतीबेन पोपट यांना 2021 मध्ये पद्मश्री जाहीर झाली, त्या दिवशी आमच्या जुन्या चाळकऱ्यांनी एकमेकांना आवर्जून फोन केले. सगळ्यांची मिळून एक गच्ची आणि तिथे बसणाऱ्या शेजारणी, एवढ्या भांडवलावर काय होऊ शकते हे आम्हाला कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

आता चाळीच्या जागी उंच इमारत आहे. घरे मोठी आहेत, स्वच्छतागृहे घरात आहेत आणि म्हाताऱ्यांसाठी उद्वाहक आहे, याचा आनंदच आहे. गच्चीला मात्र कुलूप असते. पुनर्विकासाच्या बैठकांत वाहनतळावर तासन्‌तास चर्चा झाली. गच्ची कोणासाठी आणि कशासाठी उघडी राहील, हा प्रश्न कोणीच विचारला नाही. ज्यांच्या इमारती अजून कागदावर आहेत त्यांनी तो अवश्य विचारावा.

अमरावती

वरचे सारे अनुभव वाचून भरून आले, तरी एक गोष्ट नोंदवणे मला आवश्यक वाटते. विदर्भात मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास असतो. अशा दिवसांत माझी आई पहाटे तीनला उठून चूल पेटवी, सकाळी उन्हाच्या आत कुरडया घालून संपवी, आणि त्यानंतर रोजचा स्वयंपाक, पाणी, धुणी हे सारे ठरल्याप्रमाणे करी. घरातले पुरुष आमरसाबरोबर सरगुंडे (काडीवर गुंडाळून केलेला कणकेचा पदार्थ) खाऊन दुपारी आडवे होत. शेजारणींची मदत होती म्हणून ते कष्ट सुसह्य झाले. ते हलके मात्र कधीच नव्हते. आज तिच्या खांद्याचे दुखणे पाहतो तेव्हा त्या पातेल्यातले घोटणे मला आठवते. आमच्या घरी आता चीक घोटण्याचे काम माझे आणि माझ्या मुलाचे आहे. शेजारच्या दोन घरांतील पुरुषांनाही आम्ही हाताशी घेतले आहे, आणि ते कुरकुर न करता येतात.

फोंडा, गोवा

आमच्याकडे पावसाळ्याच्या साठवणीला पुरुमेंत म्हणतात. मडगावला होली स्पिरिट चर्चच्या फेस्ताच्या, म्हणजे वार्षिक सणाच्या, सुमारास त्याचा बाजार भरतो आणि मिरची, आमसुले, सुकी मासळी यांची खरेदी होते. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, त्यामुळे सुके बांगडे आणि सुकी सुंगटे (कोळंबी) आधीच भरून ठेवावी लागतात. आम्ही सोलां घरी वाळवतो. रातांब्याच्या साली मीठ घातलेल्या त्याच्याच रसात पुन्हा पुन्हा बुडवून उन्हात घालायच्या असतात. शेजारच्या ख्रिस्ती घरातून आमच्याकडे आंब्याचे मिस्कूत, म्हणजे कैरीचे लोणचे, येते आणि आमच्याकडून त्यांना सोलां जातात. आईच्या पश्चातही हा नेम चालू आहे.

मेलबर्न, ऑस्ट्रेलिया

येथे उन्हाळा डिसेंबर ते फेब्रुवारी असतो, त्यामुळे आमचे वाळवण संक्रांतीच्या सुमारास होते. भारतातून येताना आणलेला प्रत्येक खाद्यपदार्थ विमानतळावर जाहीर करावा लागतो, आणि तो आत नेऊ देतील की नाही याची खात्री नसते. म्हणून मी साबुदाण्याच्या पापड्या आणि बटाट्याचा कीस मागच्या अंगणातच घालू लागले. कुंपणापलीकडे एक वृद्ध इटालियन जोडपे राहते. उन्हाळा सरता सरता त्यांची मुले, सुना, नातवंडे जमतात आणि दिवसभर टोमॅटो उकळून, गाळून वर्षाचा रस बाटल्यांत भरतात. माझ्या चादरीवरच्या पापड्या पाहून त्या आजींना एका शब्दाचेही स्पष्टीकरण द्यावे लागले नाही, त्यांनी फक्त “हे सगळे तू एकटीच करतेस?” असे विचारले. दुसऱ्या दिवशी त्या कीस पसरायला आल्या. तेव्हापासून त्यांच्या टोमॅटोच्या दिवशी आम्ही सहकुटुंब त्यांच्या अंगणात बाटल्या धुवायला असतो. यावलच्या सदस्यांना एक विनंती आहे : बिबडीसाठी ज्वारी किती दिवस आंबवता आणि पीठ किती भरड ठेवता, ते कृपया लिहावे. ज्वारी येथे मिळते.

यावल तालुका, जळगाव

मेलबर्नच्या ताईंसाठी आईला विचारून लिहीत आहे. ज्वारी तीन दिवस भिजवावी, पाणी रोज बदलावे, मग उपसून सावलीत कोरडी करून बारीक रव्यासारखी भरडावी. हे पीठ रात्रभर पाण्यात भिजवून सकाळी शिजवायला घ्यावे, म्हणजे बेताचा आंबटपणा उतरतो. थापण्यासाठी सुती जुने कापडच वापरावे. नव्या कापडाची खळ बिबडीला धरते. आईने निरोप दिला आहे की, पहिल्या खेपेला एक शेरापेक्षा जास्त ज्वारी घेऊ नये आणि थापायला त्या इटालियन आजींना अवश्य बोलवावे.