स्मरणशक्ती की भटकणारं लक्ष?

व्हिडिओ लेक्चर बघून डोक्यात काही राहत नाही म्हणजे स्मरणशक्तीच कमी आणि त्यावर उपाय म्हणजे इच्छाशक्ती वाढवणं, असं काहीजण म्हणतात, ते मला पटत नाही. मन दुसरीकडे असताना ती गोष्ट मुळात नीट साठवलीच जात नाही, मग आठवणार कुठून? आणि मन भटकू नये म्हणून 'इच्छाशक्ती वाढवा' हा सल्लाही अपुरा आहे. २०१३ मध्ये हार्वर्डच्या श्पुनार, खान आणि शॅक्टर या मानसशास्त्रज्ञांनी स्टॅटिस्टिक्सचं २१ मिनिटांचं व्हिडिओ लेक्चर चार तुकडे करून दाखवलं, एका गटाला प्रत्येक तुकड्यानंतर छोटी टेस्ट, दुसऱ्याला तेच प्रश्न उत्तरांसकट नुसते वाचायला, तिसऱ्याला यातलं काहीच नाही. टेस्टवाल्यांचं मन भटकणं बाकीच्यांच्या जवळपास निम्म्यावर आलं, नोट्स जास्त निघाल्या आणि शेवटच्या परीक्षेची धास्तीही कमी. उत्तरं वाचणाऱ्यांचं मन मात्र यातलं काहीच न करणाऱ्यांइतकंच भटकत होतं, मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं कारण आपल्याकडे रिव्हिजन म्हणजे परत वाचणंच असतं!

माझी भाची सीएचा अभ्यास करते, तिला मी दर पाच-सात मिनिटांनी व्हिडिओ थांबवून, वही मिटवून आठवेल ते बोलायला सांगितलं. सुरुवातीला वैतागली, आता स्वतःहून करते.